भीक नको, पण कुत्रं आवर

प्रश्न असा आला आहे: "नेपाळला भूकंप झाला की आपण धावून जातो, श्रीलंकेला दिवाळखोरीतून बाहेर काढतो, मालदीवला पिण्याचं पाणी विमानाने पोचवतो, बांगलादेशच्या जन्मात तर आपलं रक्त सांडलंय. तरी तिकडे निवडणूक लागली की भारताला शिव्या सुरू. हे लोक कृतघ्न आहेत, की आपलं परराष्ट्र धोरण चुकतंय?"

मी परराष्ट्र खात्यातला माणूस नाही. लासलगाव पट्ट्यातला कांद्याचा व्यापारी आहे. अठ्ठावीस वर्षं बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळला माल पाठवतोय, अधूनमधून तुतिकोरिनवरून मालदीवलाही. राजदूत नावाचा माणूस मी एकदाच जवळून पाहिला, एका व्यापारी मेळाव्यात, चहाच्या टेबलापाशी. पण दोन देशांचं बिनसलं की ते मला पेपरवाल्यांच्या आधी कळतं, कारण माझी गाडी उभी राहते. गाडीच्या केबिनमधून जेवढं दिसतं तेवढं सांगतो.

कृतघ्न वगैरे काही नाहीत ते. केलेली मदत त्यांच्या लक्षात असते, तिकडच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून मी ती अनेकदा ऐकली आहे. पण आपला दरवाजा एका रात्रीत कसा लागतो, हे त्याहून पक्कं लक्षात असतं. आणि दरवाजा आपल्या हातात आहे, त्यांच्या नाही.

१४ सप्टेंबर २०२०. सोमवार होता. संध्याकाळी डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाची, अधिसूचना आली: कांद्याची निर्यात बंद, तत्काळ प्रभावाने. 'तत्काळ' हा शब्द सरकारी कागदावर दोन सेकंदांत टाइप होतो. इकडे निफाडहून निघालेली गाडी पश्चिम बंगालच्या सीमेवर पोचायला चार ते पाच दिवस घेते. म्हणजे अधिसूचना आली तेव्हा आमच्या लोकांच्या गाड्या नागपूर, रायपूर, खरगपूर अशा सगळ्या रस्त्यावर पसरलेल्या होत्या, आणि पेट्रापोल, घोजाडांगा, महादीपूर, हिली या नाक्यांवर शेकडो गाड्या आधीच रांगेत उभ्या होत्या. पलीकडे बांगलादेश. मध्ये एक फाटक. ज्यांची बिलं कस्टममध्ये आधीच चढली होती त्यांना काही दिवसांनी सोडलं, आणि पुढे खास बाब म्हणून बांगलादेशसाठी २५ हजार टनांची परवानगीही निघाली. पण सप्टेंबरातला बंगाल, ताडपत्रीखाली उन्हाळ कांदा. पाचव्या दिवशी कांद्याला घाम सुटतो, सातव्या दिवशी गोणीतून पाणी गळायला लागतं. माझ्या तीन गाड्या होत्या. एकीतला निम्मा माल तिथेच रस्त्याकडेला ओतला, बाकीचा सिलिगुडीला मिळेल त्या भावात विकला.

माझं नुकसान झालं ते झालं, धंद्यात होतं. पलीकडच्या पार्टीचं काय झालं ते बघा. त्याने मालाच्या पैशांची हमी म्हणून बँकेत एलसी उघडलेली, पुढच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून ॲडव्हान्स घेतलेला. दुसऱ्या दिवशी ढाक्यात भाव भडकले आणि पोलीस साठेबाज शोधायला त्याच्याच गोदामात शिरले. फोनवर तो मला काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, एक दिन पहले बोल देते."

हेच वाक्य त्याच्या वर्षभर आधी त्याच्या पंतप्रधान दिल्लीत बोलून गेल्या होत्या. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण अशीच एकाएकी बंदी घातली. त्यानंतर पाचव्या दिवशी शेख हसीना दिल्लीत उद्योजकांच्या सभेत होत्या, आपले वाणिज्यमंत्री समोर बसलेले. त्या हसत हसत, चक्क हिंदीत म्हणाल्या की तुम्ही कांदा का बंद केलात ठाऊक नाही, मी आमच्या स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, आता जेवणात कांदा घालू नकोस. सभा हसली. आपल्या वाहिन्यांनी तो किस्सा गमतीचा म्हणून दाखवला. हसण्याच्या पुढचं वाक्य मात्र फार थोड्यांनी ऐकलं. यापुढे असं काही करणार असाल तर आधी कळवा, आम्ही दुसरीकडून सोय करू, एवढीच त्यांची मागणी होती. कांदा द्याच, असं त्या म्हणाल्याच नाहीत.

त्या नोव्हेंबरात बांगलादेशात कांदा किलोला २०० टाकांच्या वर गेला. इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानातून विमानाने कांदा आणावा लागला. विमानाने कांदा! आणि या गोष्टीचं शेपूट तर भलतंच आहे. त्याच हंगामात आपल्याकडेही टंचाई होती म्हणून केंद्र सरकारने तुर्कस्तानचा वगैरे कांदा मागवला. तो मुंबईच्या बंदरात उतरेपर्यंत आपला नवा लाल कांदा बाजारात आला, राज्यं तो परदेशी कांदा उचलेनात, चवही लोकांना पटेना. मग जानेवारी २०२० मध्ये तो उरलेला माल आपण कोणाला देऊ केला असेल? बांगलादेशला.

आता यात परराष्ट्र खात्याची चूक किती? माझ्या मते जवळजवळ नाही. कांदाबंदी त्या खात्यात ठरतच नाही. ती ठरते ग्राहक व्यवहार खात्यात, महागाईच्या तक्त्यावर बोट ठेवून. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीतलं सरकार कांद्याने पाडलं, तेव्हापासून कोणत्याही पक्षाचा मंत्री असो, कांदा चाळीसच्या वर गेला की त्याची झोप उडते. वाणिज्य खातं कागद काढतं. आणि मग परराष्ट्र खात्यातल्या कुणा बिचाऱ्या संयुक्त सचिवाला ढाक्याला फोन करून समजूत घालावी लागते. आपल्याला वाटतं दिल्ली म्हणजे एक डोकं. पलीकडचेही तेच समजतात, म्हणून त्यांना प्रत्येक बंदीत डाव दिसतो. मी कितीतरी वेळा सांगितलंय, अरे बाबा, डाव नाही, निवडणूक आहे. पण ज्याचा माल अडतो त्याला दोन्हींत फरक काय?

हे फक्त कांद्याचं नाही. नीट पाहिलंत तर प्रत्येक शेजाऱ्याच्या फायलीत आपलं एखादं राज्य ठाण मांडून बसलेलं दिसेल. तिस्तेच्या पाण्याचा करार २०११ च्या सप्टेंबरात सहीपर्यंत आला होता. मनमोहन सिंग ढाक्याला निघाले आणि ममता बॅनर्जींनी ऐनवेळी सोबत जायला नकार दिला. करार आजही तसाच पडून आहे. श्रीलंकेच्या फायलीत तामिळनाडूचे मच्छीमार आणि कच्चतीवू बेट. कोसी नदीवरचा बराज नेपाळच्या हद्दीत, पण १९५४ च्या करारानुसार त्याची दारं चालवायची बिहारने, म्हणून पूर आला की दोन्ही तीरांवरचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि बांगलादेशच्या फायलीत आम्ही नाशिकवाले. खरं तर आम्ही दोन्हीकडून मार खाणारे. बंदी आली की ढाक्याचं गिऱ्हाईक रडतं आणि इकडे चांदवड-येवल्याचा शेतकरी रडतो. हसतं कोण, तर दिल्ली-मुंबईतला भाजीवाला, तेही चार दिवस.

उलट, जिथे राज्याला आधी सोबत घेतलं तिथे कामं झाली. १९९६ मध्ये देवेगौडांच्या सरकारात इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री होते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव, श्रीलंका या लहान शेजाऱ्यांकडून प्रत्येक वेळी परतफेड मागू नये, जमेल तेवढं आपणहून द्यावं, असं त्यांनी मांडलं. लोक त्याला भाबडेपणा म्हणतात, आणि पाकिस्तानच्या बाबतीत तो चालला नसता हे खरंच, पण ते तर त्यांच्या यादीतच नव्हतं. त्याच वर्षी १२ डिसेंबरला गंगेच्या पाणीवाटपाचा तीस वर्षांचा करार झाला, आणि तो झाला कारण ज्योती बसूंनी बंगालच्या बाजूने तो अंगावर घेतला. २०१५ मध्ये तर त्याहून मोठं काम झालं. कूचबिहारच्या आसपास भारताच्या पोटात बांगलादेशचे ५१ तुकडे आणि बांगलादेशच्या पोटात भारताचे १११ तुकडे अडकले होते. त्यांची अदलाबदल झाली. हिशोबात भारताच्या वाट्याला जमीन कमी आली, सुमारे दहा हजार एकरांनी. तरी संसदेने घटनादुरुस्ती एकमताने केली. आपल्याकडे बांधावरून दोन फूट जमीन गेली तर भाऊ भावाला कोर्टात खेचतो. तेवढ्यावरून या कामाचं वजन लक्षात यावं. त्याची आठवण आपल्याकडे कोणी काढत नाही, बांगलादेशात अजून काढतात.

नेपाळचं गणित वेगळं आहे. ते समजायला मला गावातलंच एक चित्र उपयोगी पडतं. एक लहान शेतकरी आहे, त्याचं शेत आतल्या बाजूला. रस्त्यावर यायची त्याची वाट पाटलाच्या शेतातून जाते. वहिवाटीची वाट, बापजाद्यांपासूनची. पाटील माणूस वाईट नाही. दुष्काळात धान्य दिलं, पोरीच्या लग्नाला मांडव घातला, आजारपणात जीप दिली. पण एका वर्षी काहीतरी बिनसलं आणि पाटलाने वाटेवर काट्या टाकल्या. महिनाभराने उचलल्याही. आता सांगा, त्या शेतकऱ्याच्या नातवाला काय सांगितलं जाईल? जीप की काट्या? आपल्याकडे अशा वेळी माणूस तहसीलदाराकडे अर्ज करतो, मामलेदार न्यायालयाचा कायदा १९०६ पासून आहे. देशांच्या वाटेला तहसीलदार नसतो.

नेपाळच्या वाटेवर काट्या दोनदा पडल्या. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले आणि राजीव गांधींच्या सरकारने दोन सोडून बाकी नाकी बंद केली. मागचं वर्षभर नेपाळ चीनकडून शस्त्रं घेत होता, त्याचा राग होता. घासलेट, औषधं, मीठ, सगळ्यांचे हाल झाले. दुसऱ्यांदा २०१५. त्या एप्रिलमध्ये भूकंपाने जवळजवळ नऊ हजार माणसं मेली होती, आपली विमानं काही तासांत काठमांडूला उतरली होती, त्या काळात नेपाळी माणसाच्या तोंडी भारताबद्दल फक्त चांगलं होतं. सप्टेंबरात त्यांनी नवी राज्यघटना आणली, आपल्या सीमेला लागून असलेल्या तराईतल्या मधेशी लोकांना ती मान्य नव्हती, रक्सौल-वीरगंजच्या सीमेवरच्या पुलावर ते ठिय्या देऊन बसले आणि आपल्याकडून गाड्या जाणं थांबलं. दिल्लीने शेवटपर्यंत सांगितलं की नाकेबंदी आमची नाही, आंदोलन त्यांचं आहे. त्यात तथ्य होतंच, मधेशींची तक्रार खरी होती. पण ज्या नाक्यांवर कोणी बसलं नव्हतं तिथेही गाड्या मुंगीच्या पावलाने का जात होत्या, हे मला रक्सौलच्या कुठल्याही एजंटाने समजावून सांगितलं नाही. हिवाळ्यात, भूकंपात पडलेल्या घरांपुढे, सिलिंडरविना चूल पेटवणाऱ्या बाईला आंदोलनाचं राजकारण सांगून काय उपयोग?

परिणाम काय झाला? नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान के. पी. ओलींना जन्मभर पुरेल एवढं भाषण मिळालं. मार्च २०१६ मध्ये ते बीजिंगला गेले आणि चीनची बंदरं वापरायचा करार करून आले. चीनची ती बंदरं हजारो किलोमीटर लांब, हिमालयापलीकडे. आजही नेपाळचा माल येतो तो कोलकाता, हल्दिया, विशाखापट्टणमवरूनच. आपल्याकडचे तज्ज्ञ त्यावर हसतात, कागदी करार म्हणतात. धंदा केलेला माणूस हसणार नाही. दुसऱ्या व्यापाऱ्याचं कोटेशन खिशात असलं की माल आपण जुन्याच व्यापाऱ्याकडून घेतो, पण बोलणी बदलतात.

आणि नोटबंदी. ती आपण देशातली गोष्ट समजतो. नेपाळात लाखो लोकांच्या ट्रंकेत आपल्या पाचशे-हजाराच्या नोटा होत्या. त्यांचा रुपया आपल्या रुपयाला १९९३ पासून १.६० ला बांधलेला आहे, मजुरीला भारतात आलेला माणूस घरी जाताना भारतीय नोटाच नेतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्या नोटांचा कागद झाला. त्या बदलून द्या म्हणून त्यांची राष्ट्र बँक वर्षानुवर्षं मागे लागली, प्रश्न लोंबकळत राहिला. रक्कम आपल्या हिशोबात चिल्लर होती.

हे मला ठळक आठवतं कारण कोकणातल्या माझ्या मेहुण्याची आंब्याची बाग आहे. देवगड-रत्नागिरीकडे बागेची राखण करायला नेपाळी कुटुंबं असतात, मच्छीमार बोटींवरही खलाशी नेपाळीच. त्यांना व्हिसा लागत नाही, परमिट लागत नाही. का, तर १९५० चा करार. हाच तो करार, ज्याला काठमांडूत प्रत्येक पक्ष असमान म्हणून नावं ठेवतो. त्यावर एका बाजूने नेपाळच्या पंतप्रधानांनी सही केली आणि आपल्या बाजूने फक्त राजदूताने, हा सल अजून आहे. तो फेरतपासायला दोन्ही देशांनी मान्यवरांचा गट नेमला, आपल्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, तेच जे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले. २०१८ मध्ये अहवाल तयार झाला. दिल्लीने तो आजवर हातात घेतलेला नाही. त्यातलं पटलं नाही तर तसं सांगावं. पण तयार झालेला अहवाल स्वीकारायलाच वेळ न मिळणं, हे लहान माणसाला नकारापेक्षा जास्त लागतं. कोणत्याही सरकारी कचेरीच्या बाहेर बाकावर बसलेल्याला विचारा.

पुण्याची लस आठवते? जानेवारी २०२१ मध्ये आपण शेजाऱ्यांना कोविशील्ड भेट दिली. काठमांडू, ढाका, माले, थिम्पू, सगळीकडे. ढाक्याच्या माझ्या पार्टीने विमान उतरतानाचा व्हिडिओ मला पाठवला होता. पण बांगलादेशने फुकटच्या लशीखेरीज तीन कोटी डोस रोख पैसे मोजून घेतले होते, महिन्याला पन्नास लाख असं ठरलं होतं. आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. तोवर विकतच्यातले ७० लाख पोचले होते. नेपाळमध्ये तर पहिला डोस झालेले म्हातारे दुसऱ्याची वाट बघत बसले. आपल्याकडे त्या एप्रिलमध्ये जे चाललं होतं ते पाहता दुसरं काही करणं कोणत्याही सरकारला कठीण होतं, मी स्वतः त्या महिन्यात दोन जवळची माणसं गमावली, मला हे कोणी सांगायला नको. तरी पलीकडून काय दिसलं ते बघा: भेट आली, विकत घेतलेलं अडलं. म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीने येतं ते येतं, हक्काचं म्हणून मोजून घेतलेलं येत नाही. मे महिन्यात चीनची लस ढाक्यात उतरली.

एवढं झाल्यावर शेजारी काय करतो? तो शिकतो. २०१४ नंतर आपण सीमेवरून जाणारी गुरं कडक अडवली. बेकायदा व्यापार होता, अडवायलाच हवा होता. काही वर्षांत बांगलादेशाने घरोघरी गोपालन वाढवलं आणि आता बकरी ईदला त्यांना आपल्या जनावरांची गरज पडत नाही. कांद्यातही तेच चाललंय. त्यांनी लागवड वाढवली, पावसाळी कांद्याचं बियाणं शेतकऱ्यांना वाटलं, आणि स्वतःचा माल निघाला की आयात परवाना, ज्याला आम्ही आयपी म्हणतो, तोच बंद ठेवतात. एकेकाळी आपल्या निर्यातीतलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक असलेला हा देश आता आम्हाला सांगतो, लागलं तर कळवतो. लासलगावच्या लिलावात भाव पडले की आमचे शेतकरी रास्ता रोको करतात आणि पुढारी म्हणतात, निर्यात खुली आहे ना आता. आहे. घेणारा कुठंय?

नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. हे शेजारी काही गरीब गाय नाहीत. आपला हंगाम जोरात असतो तेव्हाच तेही शुल्क वाढवतात, आयपी रोखतात, त्यांनाही त्यांचा शेतकरी आहे. मधेशींना ओलींनी कसं वागवलं त्याचा जाब त्यांना काठमांडूत कोणी फारसा विचारला नाही, कारण भारताकडे बोट दाखवलं की घरातलं भांडण झाकतं. मालदीवमध्ये 'इंडिया आउट'ची मोहीम चालली ती नव्वदहून कमी भारतीय सैनिकांवरून, आणि त्यांचं काम काय, तर हेलिकॉप्टर आणि डॉर्नियर विमानातून बेटांवरचे आजारी लोक मालेला आणणं. चीनचं नाव घेऊन दिल्लीकडून जरा जास्तीचं काढायचं, ही युक्तीही सगळ्यांना येते. येऊ दे की. गावातलं लहान दुकान दोन घाऊक व्यापाऱ्यांना एकमेकांचे भाव सांगतंच. त्यात चिडण्यासारखं काय आहे?

मालदीवचीच गोष्ट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. जानेवारी २०२४ आठवा. तिथल्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वाटेल ते लिहिलं, आपल्याकडे बहिष्काराची लाट आली, लोकांनी तिकिटं रद्द केली. त्यांचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइज्जूंनी सैनिक हलवायची मुदत दिली. माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवा रणगाडा सुटत होता. त्याच एप्रिलमध्ये, जेव्हा आमची कांदा निर्यात संपूर्ण बंद होती आणि आम्ही चाळीतला कांदा सडताना पाहत होतो, तेव्हा डीजीएफटीने एक साधी अधिसूचना काढली. मालदीवसाठी वर्षभराचा कोटा: सुमारे ३५ हजार टन कांदा, सव्वा लाख टनांच्या आसपास तांदूळ, बेचाळीस कोटींहून जास्त अंडी, गव्हाचं पीठ, साखर, बटाटे, वाळू, खडी. देशात बंदी असो वा नसो, एवढं तुम्हाला मिळणारच. हा कोटा १९८१ पासूनच्या व्यवस्थेतला, आणि त्या वर्षी तो आजवरचा सर्वांत मोठा होता. भांडण ऐन भरात असताना!

मला त्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला बोलू. आमचा कांदा सडतोय आणि शिव्या घालणाऱ्याला हक्काचा कोटा. दोन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर वाटलं, हे कुणीतरी अक्कलहुशारीने केलंय. सैनिक १० मेपर्यंत परतले, त्यांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ गेले, हेलिकॉप्टर उडतच राहिली. ऑक्टोबरात मुइज्जू दिल्लीत आले आणि ४० कोटी डॉलर व तीन हजार कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय घेऊन गेले. पुढच्या जुलैत त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे. हे कांद्याने झालं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या तिजोरीतले डॉलर संपत आले होते हे खरं कारण. पण अडचणीत माणूस कोणाच्या दारात जायला धजतो? ज्याने भांडणातही रोजचा शिधा अडवला नाही त्याच्या.

श्रीलंकेतही २०२२ मध्ये आपण तसंच वागलो. जवळपास चार अब्ज डॉलरची मदत, आणि मुख्य म्हणजे वेळेवर. डिझेलची जहाजं, औषधं, थकलेली देणी पुढे ढकलणं. त्या काळात कोलंबोच्या पेट्टा बाजारातल्या एका पार्टीकडे माझे दोन कंटेनरचे पैसे अडकले होते. त्याच्याकडे रुपये होते, बँकेत डॉलर नव्हते. आठ महिन्यांनी पै न् पै चुकती केली, आणि वर म्हणाला की तेव्हा पंपावर जे डिझेल मिळालं ते तुमचं होतं. हा तोच देश, जिथे १९८७ मध्ये आपण सैन्य पाठवलं, बाराशेच्या आसपास जवान गमावले आणि सिंहली व तमिळ दोघांचाही राग पदरात घेऊन परतलो. गरजेला डिझेल आणि घरच्या भांडणात सैन्य, दोन्ही आपलंच.

म्हणून कोणी मला विचारलं की काय करावं, तर मी मोठं काही मागत नाही. मालदीवला जो कोटा आहे तसा बांगलादेश आणि नेपाळलाही द्या. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बांगलादेशच्या वाणिज्यमंत्र्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत येऊन हेच मागितलं होतं: गहू, तांदूळ, साखर, कांदा, डाळ, वर्षाला किती ते ठरवून टाका. ठरलं नाही. बरोबर एक वर्षाने, डिसेंबर २०२३ मध्ये, पुन्हा पूर्ण बंदी आली. मग सरकार-ते-सरकार म्हणून पन्नास हजार टन बांगलादेशला, पुढे सहा देशांची यादी, त्यात बहारीन आणि मॉरिशस होते, नेपाळ नव्हता. दुसरं, बंदी घालायचीच तर रस्त्यावर असलेला माल सोडा. ज्या गाडीची निर्यातीची कागदपत्रं तयार आहेत ती जाऊ द्या, सरकारचं त्याने काही बिघडत नाही. आणि तीस दिवस आधी सांगा. मला कोणी म्हणेल, आधी सांगितलं तर व्यापारी साठा करतील. करतील, मीही करेन. मग कोट्याने बांधा. पण शेजारच्या देशाशी भुरट्या चोरासारखं रात्री का वागायचं?

सध्याचं चित्र तर जास्तच गुंतलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना ढाका सोडून दिल्लीत आल्या आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी फाटकं लागत गेली. एप्रिल २०२५ मध्ये आपण त्यांच्या मालाची आपल्या विमानतळांवरून पुढे जाण्याची सोय काढून घेतली, त्यांनी आपलं सूत जमिनीच्या मार्गाने येणं बंद केलं, मेमध्ये आपण त्यांचे तयार कपडे फक्त कोलकाता आणि न्हावाशेवा बंदरातूनच येतील असं ठरवलं. पेट्रापोलवरून एका दिवसात येणारा शर्ट आता समुद्राला वळसा घालून आपल्या उरणला उतरणार. गंगेच्या कराराची तीस वर्षं डिसेंबर २०२६ ला भरतात. तिथे काय होतं त्यावर पुढच्या पिढीचं बरंच ठरेल, कारण कांद्याला तुर्कस्तान आहे, लशीला चीन आहे, नदीला पर्याय नाही.

तुम्ही विचारलंत, कृतघ्न की धोरण चुकतंय. माझा बांगलादेशातल्या भोमरा नाक्याचा म्हातारा गिऱ्हाईक, ज्याच्याशी वीस वर्षांचा व्यवहार आहे, आता ऑगस्टात फोन केला की भाव विचारत नाही. आधी विचारतो, "तुमच्याकडे या वर्षी इलेक्शन कुठे कुठे आहे?" मी राज्यांची नावं सांगतो. तो वहीत लिहून घेतो, आणि मग किती गाड्या पाठवायच्या ते सांगतो.